जरा धर

"जरा धर," असं म्हणत मुरलीमामाने पेटलेली सिगरेट माझ्या बोटांत दिली आणि तो मांडवाखाली शिरला.

मी धरली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. शाळेत असल्यापासून मी मामाची सिगरेट धरत आलो होतो. त्या दिवशी फरक एवढाच होता, की माझ्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता, कपाळावर आईने निघताना लावलेलं कुंकू होतं, आणि ज्या घरासमोर मी उभा होतो त्या घरातली मुलगी बघायला आम्ही सिन्नरहून संगमनेरला आलो होतो.

मामाचा सिन्नरला मंडपाचा धंदा होता. निकुंभ मंडप डेकोरेटर्स. सकाळी दात घासायच्या आधी तो एक काडी ओढायचा आणि त्यानंतर दिवसभर काडेपेटीला हात लावायचा नाही. पहिलीवर दुसरी पेटायची, दुसरीवर तिसरी, आणि ते असं थेट रात्री अंथरुणावर पडेपर्यंत. मधेच विझली तर त्याला अपशकुन झाल्यासारखं वाटायचं. आई म्हणायची, आमच्या सात पिढ्यांत कोणी अग्निहोत्र केलं नाही, ते मुरलीने एकट्याने भरून काढलं.

पण धंद्यात मामाचा एक नियम होता. कापडाखाली विस्तव न्यायचा नाही. गोदामात, मांडवात, झालर लावताना, कुठेही नाही. विझवायचीही नाही आणि आतही न्यायची नाही, यातून मार्ग काय, तर बाहेर कोणीतरी ती धरून उभं राहायचं. बाबा गेल्यावर मी आणि आई मामाकडेच होतो. तेव्हा हे 'कोणीतरी' म्हणजे मी, हे न सांगताच ठरलं. आठवीत असताना मी एका लग्नाच्या मांडवाची शिडी चढलो, हातात मामाची सिगरेट, आणि वरून पडलो. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, पण सिगरेट पेटती राहिली. मामा धावत आला. त्याने आधी सिगरेट उचलली आणि मग मला. ते हाड नंतर थोडं वाकडंच जुळलं. या प्रसंगावरून मी तेव्हाच काही शिकायला हवं होतं.

मी स्वतः मात्र एक झुरकाही कधी मारला नव्हता. लोकांना हे पटत नाही. पण देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस लोकांच्या चपला घालून बघत नाही, तसंच ते होतं.

तर मुलीच्या वडिलांच्या, खैरनार गुरुजींच्या दारात मांडव होता. त्यांनी नुकताच वरचा मजला चढवला होता आणि त्याच्या वास्तुशांतीचा मांडव अजून उतरवला नव्हता. दुसऱ्याचा मांडव दिसला की मामाला राहवत नसे. आतून त्याचा आवाज येत होता, "याला गाठ म्हणतात? याला शेळी बांधली तर तीसुद्धा लाजेल."

तेवढ्यात एक स्कूटर येऊन माझ्यापुढे थांबली. चाळिशीच्या एका बाईंनी हेल्मेट काढलं, माझं कपाळ बघितलं, शर्ट बघितला, मग हात बघितला.

"बघायला आलेला मुलगा तो तूच का?"

मी हो म्हणालो.

"आणि ही?"

"ही मामाची आहे."

ते ऐकून मामा मांडवातून बाहेर आला. त्याने त्या बाईंकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. सिगरेटशिवाय मामाचं तोंड नेहमीच जरा उघडंबोडकं वाटायचं, त्या क्षणी तर ते खरंच उघडं होतं.

"ही तुमची का?" बाईंनी विचारलं.

मामाने सिगरेटकडे असं बघितलं, जणू कोणी तिची ओळखच करून दिली नव्हती. मग एक लांब उसासा सोडला.

"काय सांगू मॅडम. सांगून सांगून दमलो."

मला वाटलं, मामाच्या डोक्यात काहीतरी असेल. ज्या माणसाने आपल्याला लहानाचं मोठं केलं त्याला परक्या घराच्या दारात खोटं पाडायचं नसतं, एवढं वळण मला होतं. मी सिगरेट पायाखाली विझवली. मामाचा डोळा जरासा मिटला.

बाई म्हणजे मुलीची आत्या, शैलजा. एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांनी पोहे देतानाच सांगून टाकलं. त्यांना स्थळं आली होती, पण त्या पत्रिका बघत नसत, छातीचा फोटो मागत. बरीचशी स्थळं फोटो मागितल्यावरच परत जायची. जी उरायची ती फोटोत नापास व्हायची.

"माणूस तोंडाने वाटेल ते सांगतो," त्या म्हणाल्या. "छाती खोटं बोलत नाही."

मामाने इतकी जोरात मान हलवली, की पोहे सांडले. त्याच्या कपड्यांना वास कसा येतोय, असं गुरुजींनी जरा चाचरत विचारलं, तर मामाने माझ्याकडे दुःखाने बघितलं आणि एका गाडीत बसल्यावर व्हायचंच असं म्हणाला. बोटं पिवळी कशी, याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. हळदीचे मांडव.

मी त्या वेळी एका वेगळ्याच गोष्टीने भारावलो होतो. तासभर झाला, मामाने सिगरेट मागितली नव्हती. उठून बाहेर गेला नव्हता. मांडी घालून, घाम पुसत, एक्स-रेच्या मशीनबद्दल प्रश्न विचारत बसला होता. हे ग्रहणासारखं होतं, म्हणजे कानावर आलेलं पण डोळ्यांनी न पाहिलेलं. माझं लग्न जमावं म्हणून हा माणूस एवढं सोसतोय, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शैलजाआत्यांनी ते बघितलं आणि धुराने डोळे जातातच म्हणाल्या.

मग केतकीला आणि मला बोलायला वर पाठवलं. वरच्या खोलीत रंगाचा वास होता आणि बसायला काहीच नव्हतं, म्हणून आम्ही रंगाच्या दोन पालथ्या डब्यांवर बसलो. ती तिथल्या शाळेत गणित शिकवायची. मी बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात बुचं घट्ट बसतात की नाही ते बघायचो.

"आणि नाही बसली तर?" तिने विचारलं.

"तर मी 'बसलं नाही' असं लिहितो."

ती हसली. मग म्हणाली, "तुमचं नाव प्रसन्न आहे ना?"

"हो. चेहरा बघायच्या आधी ठेवलं होतं."

ती आणखी हसली, इतकी की तिचा डबा डगमगला. मला तोवर सात-आठ मुली दाखवून झाल्या होत्या. माझ्या बोलण्यावर हसताना कोणी डब्यावरून पडायला आलेलं नव्हतं. मला तिथेच बसून राहावंसं वाटायला लागलं. आयुष्यात काही व्हावं असं मला फारसं कधी वाटलं नव्हतं, पण हे व्हावं असं अगदी स्पष्ट वाटलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "सिगरेट किती वर्षं ओढताय?"

"मी ओढत नाही."

"आत्याने हातात बघितली."

"ती मामाची होती. मी धरतो फक्त."

तिने डबा जरा मागे सरकवला. वाक्य उच्चारल्यावर माझ्याही लक्षात आलं, की हे ऐकायला कसं वाटतं.

"मामांना आत्ता खाली सगळ्यांसमोर विचारलं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, मी कधी हात लावला नाही." ती उठली आणि ओढणीला लागलेला रंग बघायला लागली. "ओढत असता तर एखाद्या वेळी चाललंही असतं. सोडवता येते. पण वडिलांच्या जागी असलेल्या माणसावर ढकलून मोकळं होता तुम्ही. ते नाही सुटत."

परतताना संगमनेरची हद्द संपायच्या आधीच मामाने टपरीवर ओमनी थांबवली. भरदिवसा काडेपेटी विकत घ्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. दोन झुरके झाल्यावर मी विचारलं, असं का केलंस.

त्याचं म्हणणं असं पडलं, की मामा ओढतो असं कळलं असतं तर त्यांनी ते खानदानात आहे असं धरलं असतं आणि स्थळ उंबऱ्यावरच मोडलं असतं. भाचा ओढतो म्हणजे नुसतं वय आहे. "तुला सुधारायला वाव आहे पश्या," तो म्हणाला. "मला काय वाव आहे?" ऐकायला ते बरोबर वाटलं. मामाचं बोलणं ऐकायला नेहमी बरोबरच वाटायचं.

नकार आला. आईने फोनवर सांगून बघितलं, की माझा मुलगा ओढत नाही, धरतो. गुरुजी तिला फार मऊपणे म्हणाले, तुम्ही आई आहात, तुम्ही असंच म्हणणार.

मी चारपाच दिवस बुचं बघत बसलो. सगळी बसत होती. मग माझ्या डोक्यात आलं, की त्या घरात तोंडाच्या शब्दाला किंमत नसेल, पण छाती खोटं बोलत नाही. छातीचा फोटो काढायचा आणि आत्यांना पाठवायचा. त्यांनी तो एकदा उजेडात धरला, की केतकीला कळेल मी खरं बोलत होतो. लग्न हो न हो, खोटा म्हणून तिच्या डोक्यात राहायचं नव्हतं मला.

मामाला हे सांगितलं तर तो एकदम उठून उभा राहिला. मी कधी डोकं चालवतो असं त्याने आजवर म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्वतः मला लॅबमध्ये घेऊन गेला, काउंटरवर मला बोलूसुद्धा दिलं नाही. "तू बस, मी बघतो," म्हणाला. थोड्या वेळाने आतून 'निकुंभ' अशी हाक आली. मी मामाकडे बघितलं.

"पावती माझ्या नावावर फाडलीय," मामा म्हणाला. "तू जा."

मी गेलो. माणसाने सांगितलं, खांदे पुढे घ्या, श्वास धरा. धरण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरला नसता. फिल्म संध्याकाळी मिळणार होती, ती मामानेच आणली आणि पाकीट न उघडता सकाळी संगमनेरला निघाला. दाढी केली होती. शर्ट नवा होता. कोणाच्या हाती पाठवण्यासारखी वस्तू नाही, शैलजाबाईंच्या हातात मी स्वतः देतो, असं म्हणाला. मी बसस्टॉपपर्यंत सोडायला जाऊन त्याची सिगरेट धरली, कारण एसटीत ओढू देत नाहीत आणि सुटेपर्यंत त्याला ती पेटती हवी होती.

दिवस मावळता तो परतला.

"बघितला का त्यांनी?" मी विचारलं.

"बघितला म्हणजे? खिडकीशी नेऊन बघितला. म्हणाल्या, अशी स्वच्छ छाती मी आजवर पाहिली नाही."

"आणि केतकीने?"

"सगळ्या घराने बघितला."

"मग काय म्हणाली?"

"लग्नाची गोष्ट आहे पश्या. वेळ लागतो."

वेळ लागू नये म्हणून मामा त्यानंतर वरचेवर संगमनेरला जायला लागला. माझं काम नेटाने पुढे नेत होता. जाताना कधी मोगऱ्याचा गजरा न्यायचा. घरी आता तो काडेपेटी वापरायचा, म्हणजे मधे मधे विझू द्यायचा. आईने देवापुढे साखर ठेवली. एक दिवस तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला, दारातच माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाला, "जमलं."

मी त्याच्या पाया पडलो.

"तुझं नाही रे," मामा वरून म्हणाला. "माझं."

पेढा तोंडात असताना माणसाला फार प्रश्न विचारता येत नाहीत. आई आनंदाने रडत होती, कारण भावाचं लग्न होईल ही आशा तिने केव्हाच सोडली होती. तिच्या रडण्यात मामा मला बाजूला घेऊन समजावत होता, की हे सगळं एका परीने माझ्यासाठीच आहे. आज त्या घरात तो परका, उद्या जावई. जावयाच्या शब्दाला वजन असतं. "माझं एकदा होऊ दे. मग मी स्वतः सांगतो सगळ्यांना, की ओढणारा मी होतो, पोरगा नाही. लग्न झाल्यावर ती काय करणार आहे मला?"

मी ते धरून चाललो. मामाने स्वतःच्या लग्नाचा मांडव स्वतः घातला आणि मी बांबू धरले. केतकी करवली होती. दोनदा समोरासमोर आलो, दोन्ही वेळा तिने माझ्याकडे पाहुण्यांच्या चपलांकडे बघावं तसं बघितलं. मी मनात म्हटलं, थोडे दिवस.

लग्नानंतर घरी सत्यनारायण होता. मी दुपारीच कारखान्यातून आलो. शैलजाआत्या, आता मामी, हॉलमध्ये चौरंग मांडत होत्या. मागच्या अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीच्या काचेवर त्यांनी छातीचा फोटो चिकटवला होता. लोक देव्हाऱ्याजवळ कुलदैवताचा लावतात, तसा. बाहेरच्या उन्हाने तो उजळला होता.

"ये प्रसन्न," मामी म्हणाल्या. त्या मुळात प्रेमळच होत्या. "बघ जरा इकडे, शिक काहीतरी. ही तुझ्या मामाची छाती. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि फुप्फुसं बघ, विशीतल्या पोराची."

मी बघितलं.

"यांनी हा आणून दिला ना, तेव्हाच मी ठरवलं. मागितलाही नव्हता." त्यांनी बोट वर नेलं आणि डाव्या खांद्याजवळ एका हाडावर ठेवलं. ते हाड थोडं वाकडं जुळलेलं होतं. "लहानपणी मांडवाच्या शिडीवरून पडले होते म्हणे. कोणी धड बसवलंही नाही बिचाऱ्यांचं." आणि त्या हाडावरून त्यांनी बोट असं फिरवलं, की मी काय बोलणार होतो ते विसरलो. शर्टाच्या आत माझा खांदा आपोआप वर झाला.

संध्याकाळी मामा मागच्या अंगणात गोदामाच्या भिंतीआड होता. पूजेचं सोवळं नेसून सिगरेट ओढत होता. आत सत्यनारायणाची कथा सुरू झाली होती आणि यजमानाला दोन मिनिटं सुट्टी हवी होती.

"मामा, ती छाती माझी आहे," मी म्हणालो.

मामाने धूर सोडला. "तुझी तुझ्याजवळच आहे की. मी नुसता फोटो घेतला."

"माझं हाडसुद्धा सांगितलंस."

"ती विचारायला लागली, मग काय सांगणार?" त्याने राख झटकली. मग आवाज बदलून म्हणाला, "पश्या, सगळ्या गावाच्या लग्नाला मी मांडव घातले. कोणी मला विचारलं नाही, की बाबा तुझं काय. तू सत्तावीसचा आहेस. तुला दुसरी मिळेल."

"मला दुसरी नकोय. तू सांगणार होतास."

"सांगतो ना. आरती झाली की सांगतो. तुझ्या आईशप्पथ."

त्याने खरंच सांगितलं असतं का, हा प्रश्न मी इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून स्वतःला विचारतो. तेव्हा मात्र माझा विश्वास बसला होता. एवढं झाल्यावरही. मी 'बरं' म्हणालो.

अंधारून आलं तसं आत कोणीतरी ट्यूबलाइट लावली आणि खिडकीतली छाती आता अंगणातून दिसायला लागली. पांढऱ्या बरगड्या, मधे काळी स्वच्छ फुप्फुसं, वर ते हाड. त्याच वेळी मागच्या दाराची कडी वाजली आणि मामींचा आवाज आला, "अहो, भटजी थांबलेत तुमच्यासाठी."

"जरा धर," मामा म्हणाला.

माझ्या हाताने ती घेतली. हाताला कोणी विचारत नाही, त्याला सवय होती.

दारात मामी होत्या आणि त्यांच्यामागे आरतीचं ताट घेऊन केतकी. दोघींनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी मामाकडे पाहिलं. जावई झालेला होता, शब्दाला वजन आलेलं होतं, लग्न झालेलं होतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोणी काही करू शकत नव्हतं. मामाने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"काय सांगू," तो म्हणाला. "सांगून सांगून दमलो."

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. एक विचार आला फक्त. हिच्यापायी एवढं सगळं गेलं, ती चवीला तरी कशी लागते ते बघावं. मी सिगरेट ओठांत धरली आणि मामाला ओढताना जसं आयुष्यभर पाहिलं होतं, तसा छाती भरून दम मारला.

पुढे जे झालं त्याला खोकला म्हणणं कमीपणाचं होईल. मी भिंत धरली, मग जमीन धरली. डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं. आतला गलका थांबला. सिगरेट हातून कधी पडली कळलं नाही, एवढंच दिसलं, की मामा तिच्याकडे बघतोय आणि वाकायचं की नाही ते त्याला ठरवता येत नाहीये.

मामी धावत आल्या. माझ्या पाठीला कान लावून त्यांनी तो खोकला नीट ऐकला, जाणकाराने ऐकावा तसा. मग पाठ थोपटत केतकीला म्हणाल्या, "ऐकलंस? संपली आहे गं याची छाती. एवढ्या वयात." आणि खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ती बघ."

केतकीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं.

दोन्हीकडे मीच होतो.